देव्हाऱ्यातली दुसरी पुडी

अहो,

दहीभात झाकून ठेवलाय. आमटी तेवढी गरम करून घ्या. मी नित्याला घेऊन अंबत्तूरला माहेरी, माईकडे जाते आहे.

सकाळी तुम्ही देवापुढे दोन पुड्या ठेवल्यात. पांढरं फूल निघालं तर आपली लॉरी स्टीलच्या कॉईल, त्या पत्र्याच्या अवजड गुंडाळ्या, वाहायला लावायची, तांबडं निघालं तर बिस्किटांचे खोकेच बरे. मी उचललेल्या पुडीत पांढरं निघालं. "बघ, देवच हो म्हणतोय," असं हसत तुम्ही करारावर सही करायला निघालात. मी साखरेचा नैवेद्य दाखवला, प्रसाद नित्याच्या हातावर ठेवला, मीही खाल्ला.

नंतर निर्माल्य काढताना दुसरी पुडी उघडली. तिच्यातही पांढरंच होतं.

मला शिसारी आली. ती साखर अजून तोंडात कडू लागते आहे. जोरात ब्रेक लागला आणि साखळ्या तुटल्या तर वीस टनांची कॉईल केबिन चिरडून पुढे जाते, हे तुम्हीच मला सांगितलं होतंत. आणि त्या केबिनमध्ये दुसरा कुणी ड्रायव्हर नाही, तुम्हीच बसणार.

आज देवाजवळ दिवा लावू नका. बारा वर्षांत माझी एक संध्याकाळ चुकली नाही, आज चुकू दे. पण त्या पुड्या बांधलेल्या हातांनी नको.

सही केली नसेल तर थांबा. केली असेल तर फोनवर नको, माईकडे येऊन समोर सांगा.

मला विचारलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं. ते ठाऊक होतं, म्हणूनच तुम्ही देवाला विचारलंत.

सीतालक्ष्मी