ग्लायडरचे साठ डबे

आई, एक गोष्ट झाली आहे आणि ती मी घरात कुणालाही सांगितलेली नाही. तू जाऊन एकोणीस वर्षं झाली, त्यामुळे तुला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं, पण दुपारपासून हा तिसरा कागद आहे. भाईंदर पूर्वेचं, तू मॉडेलसाठी गोंद-पुठ्ठा आणायचीस ते हॉबीचं दुकान, त्याच्याबद्दल आहे हे. दुकान जागेवर आहे. दोन्ही बाजूंना मोबाइलच्या कव्हरची दुकानं आली, बिल्डिंग पाडून नवी बांधायची बोलणी चाललीत, पण दुकानदार काका अजून त्याच लाकडी काउंटरमागे बसतात. पंचाहत्तरी उलटली त्यांची. कानाला मशीन लागलंय. मला बघितलं की अजूनही त्यांच्या तोंडून निघून जातं, "ये बेटा, मम्मी काय म्हणते?" आणि मग स्वतःच जीभ चावतात आणि उगाच काउंटर पुसायला लागतात.

त्या दुकानाने आपलं घर उभं केलं, हे मी कधी विसरले नव्हते. विसरले असते तर आज एवढा त्रास झाला नसता. बाबा गेल्यावर तू स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॅकिंगला जायचीस. संध्याकाळी परत यायचीस तेव्हा तुझ्या बोटांवर पॉलिशचा काळा थर असायचा आणि तो खोबरेल तेलानेच निघायचा. मी चौथीत होते. शाळेने खेडेगावाचं मॉडेल करून आणायला सांगितलं, आणि ते तूच केलंस, पोळ्या झाल्यावर, तीन संध्याकाळी बसून. विहिरीचा रहाट फिरायचा त्यात. तो नीट चिकटेना म्हणून आपण ते मॉडेल जुन्या साडीत गुंडाळून काकांच्या दुकानात नेलं, कुठला गोंद लावायचा ते विचारायला. काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि रहाट दोनदा फिरवून बघितला.

"बेन, हे कुठून आणलं?"

"आणलं नाही. घरी केलंय."

"कोणी?"

"मीच. दुसरं कोण आहे घरात?"

पंधरा दिवसांनी एका बिल्डरचा माणूस आपल्या दारात उभा. काकांनीच पत्ता दिला होता. तेव्हा मीरा रोडला बऱ्याच जागी नुसती मिठागरं आणि चिखल, आणि गिऱ्हाइकाला दाखवायला काचेच्या पेटीतली बिल्डिंग लागायची. तू ती बिल्डिंग केलीस. मग दुसरी केलीस. मग गाळा सोडलास. मला अजून दिसतंय, आपल्या स्वयंपाकघरात ओट्यावर सात मजली इमारत उभी आहे, खाली स्पंजच्या चुऱ्याची हिरवी झाडं, नखापेक्षा लहान माणसं, आणि तू चिमट्याने एका बाईला बाल्कनीत उभी करते आहेस. वाफेने पुठ्ठा फुगतो म्हणून मॉडेल घरात असेपर्यंत कुकर लावायचा नाही. आठ-आठ दिवस पोळी आणि शेंगदाण्याची चटणी. मी कुरकुर केली की म्हणायचीस, "या लोकांना घरात राहायला जाऊ दे, मग वरण-भात करू." आणि मॉडेल टेम्पोत चढलं की खरंच त्या संध्याकाळी वरण-भात व्हायचा.

तू मला मारल्याचं आठवत नाही. बोललीस मात्र एकदा, आणि ते बोलणं गेले तीन महिने माझ्या कानात आहे. मी नववीत होते. एका मोठ्या मॉडेलचं काम झालं म्हणून तू मला विमानाचं किट घेऊन देणार होतीस. काकांनी डब्याचं सील फोडलं, चौकटीला चिकटलेले प्लास्टिकचे भाग एकेक करून काउंटरवर मांडले, कुठला पंख कुठे बसतो, कुठे आधी रंग द्यायचा आणि कुठे नंतर, सगळं तासभर समजावलं. आणि मी शहाणी, त्यांच्यासमोर म्हणाले, "फोर्टात हेच कमीला मिळतं. मैत्रिणीच्या भावाने आणलंय. आपण तिथूनच घेऊ ना." काका हसले. तू तेच किट घेतलंस. बाहेर रस्त्यावर आल्यावर मात्र थांबलीस.

"त्यांनी डबा उघडला ना आपल्यासाठी?"

"हो."

"मग? उघडलेला डबा आता कोण घेणार? नको होतं तर उघडायच्या आधी सांगायचं."

आवाज चढवला नव्हतास. चार दिवस मी त्या डब्याला हात लावला नाही. पाचव्या दिवशी तूच शेजारी येऊन बसलीस आणि पहिला पंख चिकटवून दिलास.

आता जे झालं ते सांगते. मी मीरा रोडच्या एका खासगी शाळेत विज्ञान शिकवतेय. सहा वर्षं झाली, पण नोकरी अजून करारावरच आहे. दर वर्षी एप्रिलमध्ये पुढच्या वर्षाचं पत्र येतं, आणि ते येईपर्यंत मला जेवण गोड लागत नाही. या वर्षी नव्या मुख्याध्यापिका आल्या. त्यांनी सहावी-सातवीसाठी मॉडेल बनवायचा वर्ग काढायचं ठरवलं आणि मला बोलावून म्हणाल्या, "मॅडम, तुम्हाला यातलं कळतं म्हणे. साठ मुलं आहेत. काय लागेल, कुठून घ्यायचं, सगळं तुम्हीच बघा. फक्त लवकर करा." मी आनंदाने थेट काकांकडे गेले. पहिल्यांदा वाटलं, चला, त्या दुकानासाठी आपल्या हातून काहीतरी होतंय.

तीन शनिवार गेले मी. काकांनी चार प्रकारचे डबे उघडून दाखवले. एकाचं लाकूड मुलांच्या हातात टिकणार नाही, दुसऱ्याच्या सूचना फक्त चिनी भाषेत, असं करत करत एक ग्लायडर नक्की केलं. हलक्या लाकडाचं, हातभर लांब पंखांचं, हाताने फेकायचं. मग कॅलेंडरच्या मागे त्यांनी यादी लिहून दिली. किटचं नाव, गोंद, पॉलिश पेपरचा नंबर. "पिवळा गोंद घ्यायचा बेटा, तो लालवाला नाही. लालवाल्याने पोरांचे डोळे चुरचुरतात." निघताना विचारलं, "मग मागवू ना?" मी म्हणाले, "हो काका, होईलच असं वाटतंय." आणि मग पायऱ्या उतरता उतरता, "तरी मॅडमना विचारून सांगते." त्यांनी 'हो' ऐकलं. पुढचं मी रस्त्याकडे तोंड करून बोलले होते.

सोमवारी मुख्याध्यापिकांनी जाता जाता विचारलं, "कधी येतंय सामान?" काका म्हणाले होते, दिल्लीच्या व्यापाऱ्याकडून यायला पंधरा दिवस तरी लागतील. मला तो आकडा तोंडातून काढता येईना. म्हणाले, "या आठवड्यात, मॅडम." आणि स्टाफरूममध्ये जाऊन बसले. तुला कसं समजावू, आता सगळं फोनवर मागवता येतं, दुकानात जावंच लागत नाही. काकांची यादी मांडीवर ठेवली आणि एकेक ओळ फोनमध्ये टाकत गेले. तेच किट. तोच पिवळा गोंद. पॉलिश पेपरचा नंबरसुद्धा तोच. सगळं होतं, काकांपेक्षा स्वस्त होतं, आणि परवा येणार होतं. अंगठ्याने बटण दाबायला किती वेळ लागतो, आई. ऑनलाइन घ्या असं मला कुणी सांगितलं नव्हतं. पंधरा दिवस लागतील म्हटलं असतं तर त्या कदाचित थांबल्याही असत्या. मी विचारलंच नाही. मला भीती वाटली.

सामान आलं. खोटं कशाला सांगू, डबे उघडताना मी मनात म्हणत होते, एखादा पंख मोडका निघू दे, काहीतरी कमी असू दे. म्हणजे मला परत काकांकडे जाता आलं असतं. काही कमी नव्हतं. साठच्या साठ अगदी नीट. मुलांनी ती दोन आठवड्यांत बनवली आणि आम्ही खारी गावापलीकडच्या मोकळ्या मैदानात उडवली. एक तर एवढं तरंगलं की भिंतीपलीकडे गेलं आणि सगळी मुलं ओरडत धावली. मुख्याध्यापिकांनी टाळ्या वाजवल्या. एप्रिलचं पत्रही या वेळी लवकर आलं.

मैदानातून परतताना रिक्षात फोन वाजला. काका. मी घेतला नाही. नंतर त्यांचा आवाज ऐकला, रेकॉर्ड करून पाठवलेला. "बेटा, माल आला. साठ पीस. केव्हा नेतेस ते सांग, दुकानात पाय ठेवायला जागा नाही." खूश होते. त्यानंतर आठ दिवस रोज एकदा फोन यायचा आणि मी तो वाजून बंद होईपर्यंत बघत बसायचे. भाजीला जायचा रस्ता बदलला. जेवताना अर्ध्या ताटावरून उठायचे. नवऱ्याने विचारलं, बीपी तपासून येऊ या का. मी म्हटलं, ॲसिडिटी आहे.

नवव्या दिवशी गेले. डबे छतापर्यंत रचलेले, आणि त्यातच कशीबशी जागा करून माझ्यासाठी स्टूल ठेवलेलं.

"काका, मला फोन घेता आला नाही."

"शाळा असते, माहितीये मला. टेम्पो तू आणतेस की मी बोलवू?"

"काका, शाळेच्या कमिटीने ऑनलाइन मागवायचं ठरवलं. मला उशिरा कळलं."

त्यांनी कानाचं मशीन चाचपलं. "काय बोललीस? परत बोल."

तेच खोटं मला दुसऱ्यांदा, मोठ्याने बोलावं लागलं. शेजारच्या दुकानातल्या माणसानेही ऐकलं असेल. तसली कमिटी आमच्या शाळेत नाहीच, आई. मुख्याध्यापिका आहेत आणि मी आहे.

काकांनी समोरचा डबा उचलून पुन्हा रांगेत ठेवला. मग म्हणाले, "कमिटी आहे, काय करणार. माझा नातू पण फोनवरच मागवतो, आजोबाचं दुकान असून." चहा सांगितला. चहा आल्यावर त्यांनी कप माझ्याकडे सरकवला. मग एकदम म्हणाले, "गोंद कुठला आला?"

"पिवळा."

"बरं झालं. डोळ्यांचं टेन्शन नाही मग."

दिल्लीवाला माल परत घेईना. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून मी काकांना म्हटलं, आपण रविवारी सकाळी दुकानाच्या ओट्यावर वर्ग घेऊ. शाळेतली मुलं लहान भावंडांना घेऊन येतात, सोसायट्यांमधून काही येतात. काकांचे हात थरथरतात, म्हणून पंख मला धरायला लावतात आणि घासायचा कसा ते स्वतः बोलून शिकवतात. निम्म्याहून जास्त डबे असे विकले गेले. एका रविवारी एका मुलीचे वडील काउंटरवर उभे राहून डब्यावरचं नाव फोनमध्ये टाकत होते, दुसरीकडे किंमत काय आहे ते बघायला. काका चष्मा लावून पुढे झुकले आणि म्हणाले, "शेवटी एक नंबर आहे, तो पण टाका साहेब, नाहीतर छोटा साइज दाखवेल." मी मान खाली घालून गोंदाचं झाकण लावत बसले. ते लागलेलंच होतं.

आणि दर रविवारी, नवीन कुणी आई-वडील आले की काका माझ्याकडे बोट दाखवतात. "ह्या मॅडम शाळेत माझ्यासाठी किती भांडल्या. कमिटी ऐकते काय? तरी सुट्टीच्या दिवशी येऊन बसतात. मम्मी पण अशीच होती त्यांची." भांडल्याचं मी कधी बोललेही नव्हते. ते त्यांनी स्वतःच्या मनाने जोडलं. लोक माझ्याकडे कौतुकाने बघतात. मी हसते. घरून निघताना ठरवलेलं असतं, आज सांगायचं, मुलं गेल्यावर, चहाच्या वेळी. सांगण्यासारखं एकच वाक्य आहे. पाच रविवार झाले. ते रागावतील असं मला वाटत नाही. ते म्हणतील, "असू दे बेटा," आणि पुढच्या रविवारी माझ्यासाठी स्टूल ठेवतील, पण तुझं नाव काढणार नाहीत. त्याचीच धास्ती आहे मला.

हे पत्र कुठेच जायचं नाही, म्हणून शेवटचंही लिहून टाकते. आज सकाळी गेले तर शटर खाली. दोन मुलं ओट्यावर बसून होती. कव्हरवाला म्हणाला, "अंकल को बुखार है, मंगलवार को खोलेंगे." मी मुलांना घरी पाठवलं, काकांच्या घरी फोन केला, सूनबाईंनी सांगितलं साधाच ताप आहे, झोपलेत. हे सगळं मी नीट केलं, काळजीनेच केलं. पण लांबून, वळणावरूनच, ते बंद शटर दिसलं होतं ना, तेव्हा आई, सगळ्यात आधी मला हायसं वाटलं होतं.