नीतिसल्लागारपदाचा सातवा उमेदवार

मी, खाली सही करणारी, वय चौऱ्याहत्तर पूर्ण, निवृत्त लघुलेखिका, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. तळमजल्यावरच्या दंतवैद्यांनी कालच तीनदा खात्री करून घेतली. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण कायद्याला त्यांची गरज नसावी. मला कोणी भरीस घातलेले नाही. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागाच्या भरात लिहिले होते आणि त्यात थोरल्या भावाबद्दल एक अख्खे पान होते.

१. तिसऱ्या मजल्यावरच्या माझ्या दोन खोल्या भाचीला द्याव्यात. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी आधी उचलावी, मग ढकलावी. नाहीतर काच हातात येते. थोरल्या भावाने या खोल्यांवर हक्क सांगू नये. माझ्या लग्नाला तो आला नव्हता. "तुरुंगातून सुटलेल्याच्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही," असे म्हणाला होता, आणि शब्दाला जागून सव्वीस वर्षे प्यायला नाही. त्याला माझा पाण्याचा जग द्यावा.

२. टाइपरायटरही भाचीलाच. कार्यालयाने मोडीत काढला तेव्हा मी तो मागून घेतला. का, ते तिला कधी सांगितले नाही, इथे सांगते.

आमचे साहेब तेव्हा सरकारचे प्रमुख होते. नातेवाइकांची सोय लावतात म्हणून वर्तमानपत्रांनी त्यांना धारेवर धरले, तेव्हा त्यांनी नीतिसल्लागार नेमण्याची घोषणा केली. सात उमेदवार आले. मी कोपऱ्यात बसून मुलाखती उतरवून घेत होते.

पहिले, खेळाचे निवृत्त पंच. त्यांनी एका सामन्यात दोन्ही संघांकडून घड्याळे घेतली होती. "एकाकडूनच घेतलं असतं तर पक्षपात झाला असता," असे ते कळकळीने म्हणाले. मग प्रामाणिकपणावर ग्रंथ लिहिलेले प्राध्यापक. ग्रंथ त्यांच्या विद्यार्थ्याने लिहिला होता हे बोलण्याच्या ओघात त्यांच्याच तोंडून निघाले. (माझे उरलेले कार्बन पेपर या प्राध्यापकांना द्यावेत.) लग्ने जुळवणाऱ्या एक बाई होत्या. त्या खरे सांगत, पण लग्न लागल्यावर. साहेबांचे मेहुणे तर स्वतःच्या नेमणुकीचे पत्र टाइप करूनच घेऊन आले. आणखी दोघे झोपेत उतरवून घ्यावेत असे होते.

सातव्याला सचिवांनी केवळ करमणूक म्हणून बोलावले होते. सडपातळ माणूस, इस्त्रीचा जुना सदरा. सचिवांनी त्याचा अर्ज मोठ्याने वाचला : "अनुभव : अकरा वर्षे खोट्या सह्या. चार वर्षे तुरुंग." सगळे हसले. मीही हसले.

साहेबांनी डोळे पुसत विचारले, "मग मला काय सल्ला देणार तुम्ही?"

तो टेबलावरच्या एका कागदाकडे बघत होता. गावामागचे तळे बुजवून ती जमीन मेहुण्यांना देण्याचा तो आदेश. चारशे घरे त्या तळ्यावर पाणी भरत. आदेश मीच, याच टाइपरायटरवर, टाइप केला होता आणि गप्प राहिले होते.

"साहेब, ही सही कुणाची?"

"माझीच. दिसत नाही?"

"दिसते. पण चोरीची वाटते."

सचिव ताडकन उठले. तो मात्र हळू आवाजात बोलत राहिला. "दुसऱ्याची सही करताना माझा हात असाच चालायचा. दाबून, मध्ये दोनदा पेन उचलून. आपलं नाव माणूस न बघता लिहितो, साहेब. तुम्ही तुमच्या नावाकडे बघत बघत लिहिलंय."

एकोणीस वर्षांच्या नोकरीत माझी पेन्सिल कधी थांबली नव्हती. ती थांबली. एवढ्या मोठ्या खोलीत एवढे खरे कोणी बोलू शकते, हे मला माहीतच नव्हते.

साहेबांनी कागद ओढून घेतला. बराच वेळ बघितला. मग त्यावर आडवी रेघ मारली. "लिहून घ्या, बाई. आदेश रद्द."

शिक्षा झालेल्याला पद देता येत नाही, असा नियम सचिवांनी दाखवला. पद रिकामेच राहिले. पाच महिन्यांत मेहुण्यांनी अकरा सदस्य फोडले आणि साहेबांची सत्ता गेली. तळे आहे.

मी त्या माणसाला शोधत गेले. तो दुकानांच्या पाट्या रंगवत होता. मी म्हणाले, "तो आदेश मी टाइप केला होता."

"कळलं होतं," तो म्हणाला. "'तळे' हा शब्द दोनदा खोडून पुन्हा मारला होता."

वर्षभराने आम्ही लग्न केले.

३. बँकेतली ठेव तळ्याकाठच्या वाचनालयास द्यावी. नवऱ्याची पेने साहेबांना द्यावीत. सत्ता गेल्यावर ते दर गुरुवारी आमच्याकडे सल्ला मागायला येत. कशाबद्दल, ते दोघांनाही ठाऊक नसे. तरी दोघे तासन् तास बसत.

४. नवऱ्याच्या कपाटात एकेचाळीस नावांची यादी आहे. ज्यांच्या खोट्या सह्या त्याने केल्या, ती माणसे. पत्ता सापडला की तो रविवारी त्या दारी जाई आणि आपला गुन्हा सांगे. कोणी शिव्या दिल्या, कोणी दार लोटले. मी कधी सोबत गेले नाही. माझी छाती झाली नाही. चाळीस दारे झाली आणि तो गेला.

गेल्या महिन्यात शेवटच्या दारी मी गेले. म्हातारी बाई, एकटी. त्या सहीने तिच्या नवऱ्याचे दुकान गेले होते. तिने सगळे ऐकून घेतले.

"मी माफ करणार नाही," ती म्हणाली.

"बरोबर आहे," मी म्हणाले आणि वळले.

"थांबा. एवढे जिने चढून आलात. बसा."

घरात एकच खुर्ची होती. ती तिने मला दिली आणि मी उठेपर्यंत स्वतः भिंतीला टेकून उभी राहिली.

माझी वेताची खुर्ची भाचीने स्वतः तिच्या घरी पोचवावी. पत्ता यादीत आहे. माफीचा विषय काढू नये. खुर्ची ठेवावी, आणि तिने बस म्हटले तरच बसावे.

वरील सर्व मी वाचून पाहिले, ते माझ्या मनासारखे आहे, म्हणून दोघांच्या देखत सही करते.

सही : निवृत्त लघुलेखिका

साक्षीदार :
१. तळमजल्यावरचे दंतवैद्य (सही)
२. शेजारच्या चित्रकला शिक्षिका (सही)

ठिकाण : राहते घर, तिसरा मजला
दिनांक : ९ मार्च, सकाळी अकरा