फक्त 'च' आणि 'ज' उरलेत

३ जानेवारी
याच महिन्यात प्रोग्रॅम रिलीज करायचा. ठरलं म्हणजे ठरलं. मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो. फुकट, कोड सगळ्यांना खुला. बाबांना अक्षरं दिसेनाशी झाली तेव्हा हाती घेतला. काम झाल्यात जमा आहे. फक्त 'च' आणि 'ज' उरलेत.

११ जानेवारी
'चोर'मधला च 'चिमणी'सारखा वाचतो. च्योर. असं लोकांपुढे ठेवायचं? बाबा म्हणाले, दे तसाच, मला समजतं. बाबांना क्वालिटीची कल्पना नाही.

२ फेब्रुवारी
जानेवारी फारच लहान पडला. नवी तारीख: फेब्रुवारीअखेर. बायकोने विचारलं, कुठल्या वर्षीची. दुर्लक्ष केलं.

१९ फेब्रुवारी
'जग' अडलं. दुनिया या अर्थाचं, की 'नीट जग' मधलं? लिहायला दोन्ही सारखंच. म्हणजे प्रोग्रॅमला आधी मराठी समजलं पाहिजे. आठवड्याभराचं काम. ऑफिसात रजा टाकली. कारण: घरगुती.

२८ फेब्रुवारी
'जग' सुटलं! पण आता 'घर' आलं की मशीन गप्प बसतं. काहीतरी मोडलं असावं. मागच्या खोलीतून हलता येत नाही. ताट बायको दाराशी ठेवते. दुपारी बाबा पेपर घेऊन आले. जरा वाचून दाखवतोस का, म्हणाले. म्हटलं, बाबा, तुम्हाला वाचून दाखवणारं मशीनच तर करतोय, वेळ कुठाय? भिंतीला हात लावत परत गेले. त्यांच्यासाठीच चाललंय हे.

१४ मार्च
'पाणबुडी' असं टोपणनाव घेतलेल्या कुणीतरी लिहून विचारलं, रिलीज कधी? बाणेदार उत्तर दिलं: तयार होईल तेव्हा. मग त्याने विचारलं, कोड खुला आहे, तर मी पुढे नेऊ का? खुशाल ने म्हटलं. झेपणार थोडंच आहे.

६ एप्रिल
पाणबुडीने रिलीज केला. वेगळ्या नावाने. च जसाच्या तसा! खूप हसलो. बायको हसली नाही.

२० एप्रिल
बाबांच्या खोलीतून आवाज आला म्हणून गेलो. बाबा खुर्चीत रेलून, डोळे मिटून बातम्या ऐकत होते. च्योरांची टोळी पकडली म्हणे. बायकोने पाणबुडीचा प्रोग्रॅम फोनवर बसवून दिलाय, कधीचाच, म्हणाली. मी बाबांना उच्चारातला दोष समजावू लागलो.
"मधे बोलू नकोस," बाबा म्हणाले. "पुढचं ऐकू दे."

२१ एप्रिल
पाणबुडीला सगळ्या चुका सविस्तर कळवल्या. लगेच उत्तर आलं. आपलं स्वागत आहे, नवीन मंडळींनी आधी मदतीचं पान वाचून घ्यावं.
उघडलं. पान माझंच निघालं, जानेवारीत अर्धवट लिहून सोडलेलं. शेवटी लिहिलंय: बाकीचं रिलीजच्या दिवशी.