पोरीसमोर दिवा कोणी धरायचा?

सुमीच्या बाबांना,

तुम्ही गेल्यापासून मनातल्या मनात तुमच्याशी पुष्कळ बोलले, कागदावर मात्र आज पहिल्यांदाच. नागपूरच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहिते आहे. सुमी मांडीवर झोपली आहे. उद्या सकाळी तिचा डावा डोळा काढणार आहेत. काय लिहून बसले हे! पुन्हा वाचवत नाही, खोडवतही नाही.

तुम्ही गेलात तेव्हा ती रांगतही नव्हती. आता घरभर पळते. ताटातला भात सांडते आणि वर मलाच दटावते. हा तोरा कोणाचा, ते सांगायला हवं का?

तान्ह्या पोळ्याला तुमच्या दादांनी तिला लाकडी बैल करून दिला. पवनीच्या बाजारातल्या बैलापेक्षा देखणा. तो ओढत ती ओवाळून घ्यायला दारात आली, तेव्हा मी कवाडाआड उभी होते. विधवेने आरतीच्या ताटाला हात लावायचा नाही ना! थोरल्या जाऊबाईंनी ओवाळलं. मला पोरीची पाठ तेवढी दिसली. तुम्ही असता तर ताट माझ्या हातात असतं.

पुढे एकदा तांदूळ निवडताना जाऊबाई कौतुकाने म्हणाल्या, "पोळ्याले ओवाळताना दिव्यात पोरीचा डोळा चांदीवाणी चमकत होता वं. मले वाटलं, देवीची कृपा हाये."

माझे हात थांबले. तिचा तो डोळा मधूनच नाकाकडे वळायचा. लाडात येते, असं सगळे म्हणायचे. मला मात्र आतून चैन पडत नव्हती.

दिवेलागणीला मी देवापुढचं निरांजन उचललं. जाऊबाई बघतच राहिल्या, पण अडवलं नाही. सुमीच्या तोंडासमोर धरलं. उजवी बाहुली काळीभोर. डावीच्या आत पांढरं, पाण्याखालच्या शिंपल्यासारखं. मग डावा डोळा तळहाताने झाकला, तर ती हसत राहिली. उजवा झाकला, तर माझा हात झटकून रडायला लागली. तिला डाव्याने दिसतच नव्हतं हो!

दादांना सांगितलं. ते म्हणाले, पाहू, धान निघू दे. हाच शब्द तुमचा! छातीत दुखायचं तेव्हा तुम्हीही 'पाहू' म्हणत बांधावर जायचात. तुम्हाला ओढत दवाखान्यात नेणारं कोणी का नव्हतं? रागावू नका, पण त्या शब्दाचा मला अजून राग येतो. आणि तुमचाही.

दुसऱ्याच दिवशी पोरीला घेऊन भंडाऱ्याची एसटी पकडली. तिथल्या डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं आणि इथे पाठवलं. इथले म्हणतात, डोळ्याच्या आत गाठ आहे, डोळा ठेवला तर ती डोक्यात जाईल. काढल्यावर सगळं निभेल का, हे विचारलं.  दुसरा डोळाही पुन्हा पुन्हा तपासावा लागेल म्हणाले.

निरोप मिळताच दादा धावत आले. मी किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून वाचायला शिकले, त्याची तुम्ही गंमत करायचात. त्यांनी तोच टोमणा मारला.

"पुड्याचे कागद वाचून शहाणी झाली का तू? एका डोळ्याच्या पोरीले कोण लगन करून नेईन?"

इतकी वर्षं मी त्यांच्यासमोर दाराआडूनच बोलले. इथे दार कुठलं?

"भाऊजी, करून न्याले पोर तर रायली पायजे."

 ते बाहेर गेले आणि सुमीसाठी बिस्किटांचा पुडा घेऊन आले. डॉक्टरांनी सही कोण करणार विचारलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मी सही केली आहे.  चूक तर करत नाही ना? कोणाला विचारू? तुम्ही तर गप्पच.

एक वचन देते. मोठी झाल्यावर ती विचारेल, माझा डोळा कोणी काढू दिला? तेव्हा मी देवाचं, नशिबाचं, डॉक्टरांचं नाव पुढे करणार नाही. तुमचंही नाही. मी म्हणेन, मी. ती रागावली तर रागावू दे. रागवायला ती असली म्हणजे झालं.

तुमची,
यशोदा