दाजींचं पाकीट

हैदराबाद,
ता. १४ फेब्रुवारी १९५९

प्रिय अक्का,

तुझं पत्र मिळालं. दाजी गुरुवारी नीट पोचले. क्षयाच्या वॉर्डात खाट खिडकीजवळची मिळाली. तू बांधून दिलेली शेंगदाण्याची चटणी पहिल्याच दिवशी अर्ध्या वॉर्डात वाटून झाली, तेव्हा त्यांच्या स्वभावात काही बिघाड नाही एवढं समज. तू लिहिलंस, ‘तू त्या दवाखान्यातलाच आहेस, काहीही कर, पण ह्यांना नवं औषधच मिळव.’ एका पत्रात चारदा लिहिलंस. त्याचंच उत्तर द्यायला बसलोय, पण एका ओळीत देता येईना.

माझं तुला माहीतच आहे. तिसरीतून पळालो, सोलापूरच्या गिरणीत सहा महिने, मग हॉटेलात, मग ट्रकवर क्लीनर. ह्याच्या पायाला भिंगरी आहे म्हणून आपल्या बेंबळी गावात हसायचे. इथं मात्र तीन वर्षं झाली. आपला जिल्हा हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात गेला तरी जुन्या सवयीनं आपली माणसं अजून इथंच येतात, आणि मोठ्या डॉक्टरांना, म्हणजे राघवेंद्ररावांना, आपली बोली उलगडून सांगणारा कुणीतरी लागतो. म्हणून टिकलो असं मी सगळ्यांना सांगतो. खरं तर त्या माणसासाठी टिकलो.

इथं औषधांची परीक्षा चालते. क्षयाच्या वॉर्डात, डोळ्यांच्या, कातडीच्या, पोटाच्यासुद्धा. नवं औषध आलं की निम्म्या रोग्यांना ते द्यायचं, निम्म्यांना आजवरचं जुनं, आणि आमच्या क्षयाच्या वॉर्डात वर्षभर सगळ्यांचं वजन, थुंकी, छातीचा फोटो लिहून ठेवायचं. कुणाला कुठलं हे डॉक्टर ठरवत नाहीत. आधीच चिठ्ठ्या टाकून पाकिटं बंद केलेली असतात, वर नंबर. रोगी ज्या नंबरानं दाखल झाला त्या नंबराचं पाकीट फोडायचं. मी एकदा धीर करून विचारलं, साहेब, तुम्ही एवढे शिकलेले, तुम्हीच का निवडत नाही? ते म्हणाले, मी निवडायला लागलो तर आवडत्या माणसाला आवडतं औषध देईन, आणि कुठलं औषध खरं चांगलं हे कुणालाच कधी कळणार नाही. लई दिवस ते माझ्या डोक्यात फिरत राहिलं.

गेल्या साली आपल्याकडच्या वाशीचा बिभीषण इथं होता. त्याला नव्या पिवळ्या गोळ्या, शेजारच्या खाटेवरच्या महांतप्पाला जुन्या पांढऱ्या. चार महिने दोघांचं वजन जोडीनं वाढत होतं. डॉक्टर कोड्यात पडले. एकदा तमाखू मळता मळता बिभीषण सहज बोलून गेला की शेजारी टकामका बघत असताना एकट्यानं पिवळी गोळी खायची म्हणजे घशाखाली उतरत न्हाय, म्हणून आमी अदलाबदल करतो, एक दिवस त्याची मला, एक दिवस माझी त्याला. वर म्हणतो, डॉक्टरला बोलू नको लेका, उगं त्याचं मन दुखंल. मी दोन दिवस डॉक्टरांपासून लपवलं. वाटलं, सांगितलं तर दोघांनाही हाकलतील. शेवटी सांगितलं. डॉक्टर आधी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले, मग वही उघडून दोघांच्या नावांवर रेघ मारली. आकडे दिसायला चांगले होते, ठेवले असते तर कोण विचारणार होतं? पण औषध दोघांचंही थांबवलं नाही. बरं होईपर्यंत दर महिन्याला स्वतः तपासलं, आणि महांतप्पाला गाडीत बसवून द्यायला मला पाठवलं. असला माणूस मी गिरणीतही पाहिला नव्हता आणि देवळातही नाही.

आता दाजींचं. काल सकाळी कारकुनाच्या खोलीतून पाकिटं आणायला मलाच धाडलं. दोन होती. एक दाजींचं, दुसरं त्यांच्यामागून आलेल्या एका विणकराचं. दाजींच्या पाकिटाचा डिंक धरलाच नव्हता. व्हरांड्यात कुणी नव्हतं. अक्का, मी पाहिलं. आत ‘जुनं’ असं लिहिलं होतं. नंबर पेन्सिलीचे, बोटानं पुसून दोन्ही पाकिटांचे आपसांत बदलता आले असते. पुढं बाकावर तो विणकर खोकत बसला होता, आणि त्याची बायको त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती.  मग जशी होती तशी दोन्ही पाकिटं डॉक्टरांच्या हातात दिली, आणि एक उघडं होतं, मी वाचलंय, हेही सांगितलं. त्यांनी तेवढंही वहीत लिहून घेतलं.

दाजींना पांढऱ्या गोळ्या सुरू झाल्या. विणकराच्या पाकिटात नवं निघालं. हे तुला दाजींच्या पत्रातून कळायच्या आधी माझ्याकडून कळावं, म्हणून हा कागद. जुन्यानंही माणसं बरी होतात, नवं जास्त चांगलं आहे की नाही हे अजून मलाही ठाऊक नाही, असं डॉक्टर म्हणाले, आणि ते मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलत नाहीत. पण तू मागितलेली एक गोष्ट माझ्या हातात आली होती आणि मी ती सोडली, हे खरं आहे. हवी तेवढी रागाव. हवं तर राखीला मला बोलावू नको. फक्त दाजींना माघारी बोलावू नको. वर्षभर एकही दिवस चुकवायचा नाही, आणि रोज संध्याकाळी त्यांनी गोळी गिळेपर्यंत मी समोर उभा राहीन.

रागावलीस तरी तुझाच,
शिवलिंग