बाइंडरच्या बायकोचे डोळे

ती. पाळकदादांस सप्रेम सलाम,

तुमच्या ‘मुस्लिम बांधवांसाठी प्रार्थना’ या पुस्तिकेची पानं सुटतात, हा अक्षम्य प्रमाद आहे. शेजारच्या मुसलमान बाइंडरकडे ती शिवायला दिली, तर त्याने वाचूनच काढली. म्हणाला, “मास्तर, आमच्यासाठी मागता, तर आम्हाला विचारा तरी! बायकोची नजर चाललीय. सोमवारी ऑपरेशन आहे.”

रविवारी चर्चमध्ये अख्ख्या मंडळीने प्रार्थनेत तेच मागितलं.

आज पट्टी निघाली. भाभींनी पहिल्याच फटक्यात सुई ओवली, वर मला म्हणाल्या, “मास्तर, केस फारच पिकलेत हो!” आम्ही तिघांनी टाळ्या पिटल्या.

दादा, पंधरा वर्षं मी मुस्लिम बांधवांसाठी रोज प्रार्थना केली, आणि भिंतीपलीकडे ती बाई आंधळी होत चालली होती, हे मला ठाऊक नव्हतं. आणखी काय काय ठाऊक नसेल, याची धास्ती वाटते.

हे टपालात टाकायला न धजणारा,
तुमचा धाकटा