ओट्याखालच्या टाकीची व्यवस्था

मी, लंकाबाई रंगनाथ ठोंबरे, वय अडुसष्ट, निवृत्त अंगणवाडी सेविका, राहणार डोंगराखालची वस्ती, तालुका चांदवड, जिल्हा नाशिक, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, हे माझे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. छातीचे तेवढे ठिकाणावर नाही. हृदयाची झडप बिघडली असून उद्या सकाळी मुलगा अमोल मला ऑपरेशनसाठी नाशिकला नेणार आहे. काळजीचे कारण नाही म्हणतात. मग अमोल दिवसातून चारदा फोन का करतो, ते कोणी सांगत नाही.

म्हणून हे आजच उरकायचे आहे. पण बसवत नाही. दोन ओळी लिहिते, उठते, ओट्यावर जाऊन डोंगराकडे बघते, परत येते. पलीकडच्या सोंडेवर सकाळपासून धूर आहे. नवे गवत चांगले फुटावे म्हणून दरवर्षी कोणीतरी दीडशहाणा काडी लावतो आणि नाव मात्र उन्हाचे होते.

१. घर. माझ्या नावे असलेले राहते घर, पुढचा ओटा व मागची मोकळी जागा माझा मुलगा अमोल याला द्यावी. तो अंबडला कंपनीत आहे, इथे राहायला येणार नाही, हे मला कळते. तरी घर त्याचेच. मात्र कलम तीनची अट पाळली तरच. अट घातली नाही तर पहिल्याच दिवाळीला तो ओट्यावर फरशी बसवून गाडी उभी करील.

२. बाकीचे. सोन्याची पोत आणि शिलाई मशीन मुलगी स्नेहल हिला. ती देवळाली कॅम्पला असते, मशीन नेण्याचे भाडे अमोलने द्यावे, कुरकुर करू नये. बँकेत आहे ते दोघांनी अर्धे अर्धे घ्यावे, त्यात भांडण्याइतके काही नाही. तांब्याचा बंब सूनबाई उज्वलाला. तो हॉलमध्ये शोभेला ठेवायचा नाही, त्यात पाणी तापवायचे. माझे पती गवंडी होते. त्यांच्या थाप्या, ओळंबा आणि पाटा स्नेहलच्या मुलाला द्यावा, कारण अमोलला ओळंबा कुठल्या बाजूने धरायचा हेही माहीत नाही.

(परत उठून पाहून आले. धूर अलीकडच्या सोंडेवर आला आहे.)

३. टाकी. हे कलम अमोलने बसून वाचावे, मोबाइल बाजूला ठेवून.

घर बांधताना यांनी आधी ओट्याखाली टाकी खणली आणि मग भिंती घेतल्या. साऱ्या पत्र्यांवरचे पावसाचे पाणी पन्हळीतून येते, वाळू-कोळशाच्या थरातून गाळले जाते आणि टाकीत पडते. वस्तीवर टँकरच्या मागे हंडे घेऊन धावणारी माणसे मी दर उन्हाळ्यात पाहिली. त्यात मी नव्हते, हे यांचे देणे आहे.

म्हणून, सुरुवातीचे एक-दोन पाऊस पत्रे धुऊन बाहेर सोडावेत, पक्ष्यांची घाण टाकीत घेऊ नये. टाकीत आत एक पायरी आहे. पाणी उतरून पायरीला लागले की त्याखालचे पिण्याला नाही, धुण्याला नाही, ते वणव्यासाठी ठेवायचे. आणि टाकीचे तोंड बुजवायचे नाही. अमोल म्हणतो, "आई, बटण दाबलं की मोटर पाणी देते, तोंड कशाला पाहिजे?" मोटर राहू दे. पण झाकण, दोर आणि बादलीही राहील. हे मान्य नसेल तर घर स्नेहलला जावे.

४. सरुबाई. माझी थोरली जाऊ सरुबाई हिचे घर आमच्या भिंतीला लागून आहे. तिला या टाकीतले पाणी देऊ नये.

कारण लिहिते, नाहीतर लोक मलाच नावे ठेवतील. एका दुष्काळी वर्षी मी स्नेहलच्या बाळंतपणाला देवळालीला गेले होते. परत आले तर टाकीचा तळ दिसत होता. हिने पाइप टाकून सगळे पाणी आपल्या गाईंना आणि कांद्याच्या रोपाला घातले होते. मी म्हटले, "बाई, एका शब्दानं विचारायचं तरी." तर म्हणते, "माझ्या दिराची टाकी हाय. दिराच्या घरात काय इचारायचं?" यावर आमचे हे हसले. मला ते हसणे जास्त लागले. तेव्हापासून झाकणाला कुलूप आहे, किल्ली माझ्या कमरेला आहे आणि आमचे बोलणे बंद आहे. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसतो आणि वाढणाऱ्यामार्फत बोलतो. तरी सदर सरुबाईने मागितले तरी तिला पाणी देऊ नये, तसेच तिच्या मुलाने

वरचे वाक्य अर्धे राहिले आहे. तसेच राहू द्यावे. आता संध्याकाळ झाली आहे, वीज नाही, मेणबत्तीवर लिहीत आहे. डोके अजून दाखल्याप्रमाणेच आहे.

शेजारचा दत्तू साक्षीदार म्हणून सही करायला यायचा होता, तो ओरडतच आला. "काकू, वणवा खाली उतरला! सरुकाकूच्या चाळीकडं चाललाय!"

चाळीत तिचा यंदाचा सगळा कांदा आहे. वरून उसाचे पाचट. पलीकडे गोठा आणि मग आमची दोन्ही घरे. वणव्यामुळे लाइन बंद केली होती, त्यामुळे मोटर मुकी. वस्तीवरचा बोअर शिमग्यालाच आटलेला. पाणी होते ते फक्त या ओट्याखाली.

सरुबाई बादली घेऊन ओट्यापुढे उभी होती. खोटे कशाला लिहू, मीही किल्ली हातात धरून क्षणभर उभी राहिले. मग कुलूप काढले आणि म्हटले, "बाई, दोर धरा."

मला ओझे उचलायचे नाही असे डॉक्टरांनी बजावले आहे. मी बादली आत सोडत होते आणि ती ओढत होती. या वयात तिच्या दंडात एवढे बळ कुठून आले, देव जाणे. बायकांनी रांग लावली. दत्तू, नवनाथ आणि बाकीची पोरे गोणपाट भिजवून गवत झोडपत होती. अर्धी चाळ गेली. अर्धी राहिली, गाई राहिल्या, घरे राहिली. पायरीखालचे पाणीही संपले. तळाशी नुसता गाळ आहे.

मग ती इथे ओट्यावर बसली. घरात तांब्याभर पाणी होते ते मी दिले. पिऊन म्हणाली, "कोळशाचा वास येतो तुझ्या पाण्याला."

"मग थुंका," मी म्हटले.

ती थुंकली नाही. तांब्या खाली ठेवून म्हणाली, "उद्या जायचं का नाशकाला? लय मोठं हाय?"

"छाती उघडणार."

मला भीती वाटते. हे कुठल्याच कलमात बसत नाही, पण कुठेतरी लिहायला हवे होते.

कलम चार रद्द समजावे.

५. टाकीत पुन्हा पाणी साठेल तेव्हा सरुबाईला ती असेपर्यंत हवे तेवढे पाणी घेण्याचा हक्क राहील. कुलपाची दुसरी किल्ली तिच्याकडे राहील. अमोलने वा कोणीही तिला अडवू नये.

आता साक्षीदारांचे. दोन लागतात. दत्तू आहे, पण दुसरा ठरला होता त्या नवनाथचा पाय भाजला, त्याला चांदवडला दवाखान्यात नेले. वस्तीवरची बाकी माणसे निखारे विझवायला डोंगरावर आहेत. सकाळी अमोल येईल तो घाईतच. सरुबाई म्हणाली, "मला सही येती. मी करते."

मी म्हटले, "तुमची चालत नाही. वकिलांनी सांगितलंय, ज्याला काही द्यायचं त्याची साक्षीदार म्हणून सही घ्यायची नाही."

"मला काय दिलं?"

मी कलम पाच वाचून दाखवले. तिने ते पुन्हा वाचायला लावले. पदराने तोंड पुसले, काजळी आणखी पसरली.

"मग ते खोड," ती म्हणाली.

"बाई, खुळ्यासारखं करू नका. उद्या मी नसले आणि अमोलनं अडवलं तर तुमच्याजवळ कागद नसेल."

"नसू दे. मला अमोलकडून पाणी नको, लंके. तुझ्या हातचं पाहिजे. तू माघारी ये."

म्हणून कलम पाच मी स्वतः खोडले असून खाडाखोडीजवळ माझी सही आहे. वरील बाकी मजकूर मी दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्या डोळ्यांसमोर सही केली.

लिहून ठेवणार:
लंकाबाई रंगनाथ ठोंबरे (सही)

साक्षीदार:
१. दत्तू झिपरू गांगुर्डे (सही)
२. सरुबाई नामदेव ठोंबरे, थोरली जाऊ (सही)

ठिकाण: डोंगराखालची वस्ती, तालुका चांदवड
दिनांक: १० एप्रिल २०२४